काही कळलं का?

आमच्याकडे एक टेपरेकॉर्डर होता. बाबा सौदी अरेबियात दमामला होते, इलेक्ट्रिशियन. दर दोन-तीन महिन्यांनी गावाकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी ते कॅसेट पाठवायचे. टँगचा डबा, टायगर बाम, आईसाठी नायलॉनची साडी आणि एक साठ मिनिटांची कॅसेट, असा तो ऐवज. पहिली बाजू आई आणि आजीची. दुसऱ्या बाजूची शेवटची पाच मिनिटं माझी. "मनू, ऐकतेस ना गं?" असं विचारून बाबा थांबायचे. टेप नुसती खरखरत फिरायची. मी "हो" म्हणायचे. मग बाबा पुढे बोलायचे. आठ माणसांच्या त्या खोलीत बसून ते माझ्या 'हो'साठी जागा मोजून मोकळी सोडत, हे कळायला मला फार वर्षं लागली. तेव्हा वाटायचं, बाबा टेपरेकॉर्डरमध्येच राहतात आणि त्यांना माझं ऐकू येतं.

१९८७च्या पावसाळ्यात कॅसेट यायच्या बंद झाल्या. मग पत्रं. मग ड्राफ्ट.

चिपळूणजवळची आमची वाडी लहानशी. घरटी एक माणूस आखातात नाहीतर मुंबईत. त्यामुळे एखाद्या घरी बातमी न येणं हीच गावभर बातमी. विहिरीवर, गिरणीत, वाण्याकडे, एसटीच्या थांब्यावर आईला एकच प्रश्न: "वहिनी, काही कळलं का?" आई म्हणायची, "कामात आहेत हो, साइट लांब आहे." रोज तेच, सात महिने. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसायचा, पण आई हळूहळू पहाटे, लोक यायच्या आत विहिरीवर जायला लागली.

पुढे कळलं ते असं. मालकाने पाच महिन्यांचा पगार थकवला होता. बाबा आणि आणखी दोघांनी काम थांबवलं. पासपोर्ट अर्थातच मालकाकडे. कोकणातल्या घरांना 'कफील', म्हणजे कामगाराला आपल्या जबाबदारीवर देशात आणणारा मालक, हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या सहीशिवाय नोकरी बदलता येत नव्हती आणि देशाबाहेरही पडता येत नव्हतं. कामगार पळाले अशी तक्रार त्याने पोलिसांत दिली आणि तिघे आत गेले. चार महिने. मग एक दिवस एका पिशवीनिशी विमानात बसवून दिलं. त्या चार महिन्यांबद्दल बाबा बोलत नाहीत. ते घरी आले त्या दिवसाचं मला काहीही आठवत नाही. त्याआधीच्या महिन्यांतलं मात्र बारीकसारीक आठवतं, अगदी टेपरेकॉर्डरवर आईने घातलेला क्रोशाचा रुमालसुद्धा.

हे सगळं वर आलं ते एका परक्या बाईच्या बातमीमुळे. ३ एप्रिल २०१६. तेहरानच्या इमाम खोमेनी विमानतळावर लंडनला परत निघालेल्या नाझनीन झागरी-रॅटक्लिफ हिला रेव्होल्यूशनरी गार्ड्स या इराणी लष्करी दलाच्या माणसांनी ताब्यात घेतलं. कडेवर बावीस महिन्यांची मुलगी, गॅब्रिएला. नवरोजसाठी दोन-अडीच आठवडे माहेरी आली होती. मुलीचा ब्रिटिश पासपोर्ट काढून घेतला आणि मुलीला आजी-आजोबांच्या हवाली केलं. लंडनमध्ये नवरा, रिचर्ड, दोघींची वाट पाहत होता. माझा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. बावीस महिन्यांचं मूल म्हणजे नेमकं काय हे मला त्या आठवड्यात तोंडपाठ होतं. चमचा हातात घेतं पण तोंडाकडे नेताना उलटा करतं. दोन शब्द जोडून वाक्य करायला नुकतं लागलेलं असतं. त्या दोन शब्दांवरच माझं मन अडकलं, ते का, हे पुढे सांगते.

नाझनीन मूळची तेहरानची. डिसेंबर २००३ मध्ये इराणच्या बाम शहरात भूकंप झाला. सव्वीस हजारांहून जास्त माणसं गेली. तारीख २६ डिसेंबर, नेमका तिचा पंचविसावा वाढदिवस. मदतीला आलेल्या जपानी संस्थेसाठी तिने दुभाषाचं काम केलं. पुढे रेड क्रॉस, मग जागतिक आरोग्य संघटना. २००७ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून लंडनला शिकायला गेली, तिथे रिचर्ड भेटला, २००९ मध्ये लग्न. अटकेच्या वेळी ती थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनमध्ये प्रकल्प सांभाळत होती. बातमी देणाऱ्या कंपनीच्या नावाची ही धर्मादाय संस्था इराणमध्ये काम करतच नव्हती, आणि ती तर रजेवर होती. आरोप मात्र सरकार उलथवण्याच्या कटाचा. आधी हजारेक किलोमीटर दूर केरमानला नेऊन एकांत कोठडी, मग तेहरानच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी असलेला एविन तुरुंग, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये पाच वर्षांची शिक्षा.

इथे एक आडवळण घेते. तिच्या खटल्याच्या बातम्या वाचताना एक गोष्ट मला सारखी टोचायची. गुन्हा, कैद, जामीन, मुदत, तारीख, अर्ज. आपल्या कोर्टातले हे शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले. एविनच्या फाटकाशी उभ्या असलेल्या नाझनीनच्या आईच्या तोंडी हेच शब्द असणार, उच्चार थोडे वेगळे. नाझनीन म्हणजे नाजूक, लाडकी. आणि फारसीतसुद्धा बापाला बाबाच म्हणतात.

गॅब्रिएलाचं इंग्रजी गेलं. पूर्ण गेलं. आजी-आजोबांकडे फारसीच, बाहेर फारसीच, तुरुंगात आईला भेटायला जायचं तेव्हाही फारसी. बावीस महिन्यांचं मूल दोन शब्दांचं वाक्य ज्या भाषेत जोडायला शिकत असतं, ती भाषा रोज कानावर पडली नाही तर विरते. रिचर्ड लंडनहून फोन करायचा, पडद्यावर एकमेकांना बघायचे, आणि बापलेकीत समान भाषा उरली नव्हती. मग कुणीतरी मध्ये बसून सांगायचं, बाबा असं म्हणतोय, ती असं म्हणतेय. इराणने त्याला व्हिसा दिला नाही. साडेतीन वर्षं.

भारतीय वाचकाला इथे दुसरी एक काच आठवेल. २५ डिसेंबर २०१७, इस्लामाबाद. कुलभूषण जाधवांना त्यांची आई आणि पत्नी भेटल्या, मध्ये काच, बोलणं इंटरकॉमवरून. भेटीआधी दोघींचं मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढायला लावली. आईला मराठीतून बोलू दिलं नाही, ती बोलायला लागली की अडवलं, असं आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी सांगितलं. प्रकरण वेगळं, आरोप वेगळे, त्यात मी पडत नाही. माझं लक्ष फक्त तेवढ्यावर आहे. पोटच्या पोराला जवळजवळ दोन वर्षांनी बघते आहे आणि त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं हे तिसराच ठरवतो. आपण रागावलो तर कुठल्या भाषेत रागावतो? "जेवलास का?" हे आई दुसऱ्या भाषेत विचारेल कशी?

जाधवांच्या प्रकरणात १७ जुलै २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानला ठणकावलं की १९६३च्या व्हिएन्ना करारानुसार वकिलातीला कैद्याला भेटू द्यायला हवं होतं. नाझनीनला तो आधारही नव्हता. इराण दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्यांच्या लेखी ती इराणीच, मग ब्रिटिश वकिलातीचा संबंध काय? दोन पासपोर्ट असले की माणूस दुप्पट सुरक्षित, असं परदेशी स्थायिक झालेल्या आपल्याही बऱ्याच जणांना वाटतं. इथे दोन पासपोर्टांच्या मधल्या फटीतच ती सापडली.

आता रिचर्डकडे येते, कारण मला खरं त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

तो व्यवसायाने अकाउंटंट. शांत बोलणारा, किंचित वाकून उभा राहणारा, आवाज न चढवणारा माणूस. अटकेनंतर पहिला महिनाभर तोही गप्प राहिला. परराष्ट्र खात्याचा सल्ला अशा वेळी बहुधा एकच असतो: पडद्याआड प्रयत्न चालू आहेत, बोभाटा केलात तर बिघडेल. आमच्या आईला हा सल्ला कुणी दिला नव्हता, तिला तो उपजतच माहीत होता. बोललो तर तिकडे त्यांना त्रास होईल, आणि इकडे आजी हाय खाईल. मे २०१६ मध्ये रिचर्डने उलटा निर्णय घेतला. बोलायचं, मोठ्याने बोलायचं आणि रोज बोलायचं. सह्यांची मोहीम, पत्रकार परिषदा, खासदार ट्युलिप सिद्दीक यांना घेऊन संसदेत खेटे. कितवा दिवस, हे मोजणं.

कुठला निर्णय बरोबर? मी या प्रश्नावर वर्षानुवर्षं घुटमळले आहे आणि आता मला वाटतं की घरच्यांच्या वाट्याला येणारी खरी शिक्षा हीच. आतल्या माणसाला निदान पर्याय नसतो. बाहेरच्याला रोज सकाळी उठून ठरवावं लागतं, आज बोलू की नको. आणि काही वाईट झालं की ते आपल्या बोलण्याने झालं की न बोलण्याने, याचा उलगडा कधीच होत नाही.

कधी तर दुसऱ्याच कुणाच्या बोलण्याने होतं. १ नोव्हेंबर २०१७ रोजी तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन संसदेच्या समितीपुढे सहज म्हणून गेले की आपल्या माहितीप्रमाणे नाझनीन तिथे लोकांना पत्रकारिता शिकवत होती. साफ चूक. पण परराष्ट्रमंत्र्यानेच म्हटलं ना! तीनच दिवसांनी तिला पुन्हा कोर्टापुढे उभं केलं आणि ते वाक्य पुरावा म्हणून समोर ठेवलं. जॉन्सन यांनी पुढे संसदेत माफी मागितली. रिचर्डने दीड वर्ष तोलूनमापून शब्द वापरले होते, अकाउंटंट आकडे वापरतो तसे, आणि मंत्र्याला कागद वाचायची सवड नव्हती. हे वाचून मी चिडून पेपर फेकला होता हे कबूल करते. सुटल्यानंतर मे २०२२ मध्ये ती जॉन्सन यांना, तेव्हाच्या पंतप्रधानांना, भेटली आणि साडेचार वर्षं मी तुमच्या शब्दांच्या सावलीत काढली, असं तिने त्यांना तोंडावर सांगितलं.

आणि या अकाउंटंटच्या वाट्याला हिशेब कुठला आला, तर रणगाड्यांचा. १९७०च्या दशकात इराणच्या शहाने ब्रिटनकडे दीड हजारांहून जास्त चीफटन रणगाडे मागवले, पैसे आगाऊ भरले. १९७९ मध्ये क्रांती झाली, शहा गेला. तोवर पोचले होते दोनशेच्या आतच. उरलेला माल ब्रिटनने दिला नाही आणि पैसेही परत केले नाहीत. खटले, लवाद, व्याज, निर्बंध, असं करत ते भिजत घोंगडं चाळीस वर्षं पडून. रक्कम सुमारे ४० कोटी पौंड. बायकोची सुटका या उधारीत अडकली आहे हे रिचर्ड जाहीरपणे सांगत राहिला, दोन्ही सरकारं संबंध नाही म्हणत राहिली. म्हणजे नाझनीनचा जन्म व्हायच्या आधीचा व्यवहार, आणि त्याची वसुली तिच्याकडून. गावाकडे सावकार बापाच्या कर्जापायी पोराची बैलजोडी सोडून न्यायचा, त्याची आठवण झाली. फरक इतकाच की सावकार निदान दारात येऊन सांगायचा.

मदतीच्या कामावर गेलेली माणसं अशा सौद्यांत सापडतात ती अपवादाने नव्हे. ओलिव्हिए व्हँडकास्टील हा बेल्जियन मदतकार्यकर्ता इराणच्या तुरुंगात ४५५ दिवस होता. मे २०२३ मध्ये बेल्जियममध्ये शिक्षा भोगणाऱ्या इराणी मुत्सद्द्याच्या बदल्यात सुटला. देवघेवीचं ठिकाण ओमान. क्यूबातलं ॲलन ग्रॉस यांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. अमेरिकी सरकारच्या मदत यंत्रणेच्या कंत्राटावर ते तिथल्या ज्यू समाजाला इंटरनेटची साधनं पोचवत होते. ते काम क्यूबाच्या कायद्यात बसणारं नव्हतं आणि 'मदत' या शब्दाखाली सरकारं काय काय खपवतात हा रास्त प्रश्न तिथे आहेच. पण डिसेंबर २००९ ते डिसेंबर २०१४ या पाच वर्षांत घरी काय झालं? पत्नीने राहतं घर विकलं. मुलीला कर्करोग झाला. नव्वदी पार केलेली आई त्यांची वाट पाहत जून २०१४ मध्ये गेली, आणि अंत्यविधीला त्यांना जाता आलं नाही. सहाच महिन्यांनी ते सुटले. त्या सहा महिन्यांचं काय करायचं?

मला या सगळ्यात राहून राहून तेहरानच्या घरातली आजी दिसते. तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. मुलगी तुरुंगात गेली त्याच दिवशी तिच्या पदरात तान्ही नात पडली. एका हाताने मुलीसाठी वकील, औषधं, भेटीचे दिवस. दुसऱ्या हाताने नातीचं खाणंपिणं, ताप, हट्ट. मुलाला तुरुंगात घेऊन जाताना काय सांगत असेल ती? एविनच्या महिला विभागात बायका शिवणटिपण करतात, विणतात. नाझनीनही तिथे शिवणकाम करायची. कोठडीत बसून अंगावरच्या मापाशिवाय मुलासाठी कपडा बेतायचा म्हणजे काय, हे शिवण येणाऱ्या बाईला विचारा. मुलं महिन्यागणिक वाढतात. भेटीत मिठी मारताना वीत कुठे पुरते आणि कुठे अपुरी पडते, त्यावरून अंदाज.

ऑगस्ट २०१८ मध्ये तीन दिवसांची फर्लो मिळाली. तीन दिवस आई घरी आणि मग परत गेली. चार वर्षांच्या मुलाला याचा अर्थ काय सांगायचा? जून २०१९ मध्ये तिने आत उपोषण केलं आणि त्याच वेळी रिचर्डने लंडनमधल्या इराणी वकिलातीच्या दारात फूटपाथवर तंबू ठोकून पंधरा दिवस उपोषण केलं. लग्नाच्या नवराबायकोंनी एकत्र उपास धरायचे आपल्याकडे ठाऊक आहेत, पण हा असा.

मग ऑक्टोबर २०१९. गॅब्रिएला पाच वर्षांची झाली होती, शाळा सुरू व्हायला हवी होती. नाझनीनने मुलीला लंडनला पाठवायचं ठरवलं. म्हणजे आठवड्याच्या भेटीत मांडीवर येऊन बसणारं, तिला जगवणारं एकमेव माणूस तिने स्वतः विमानात बसवलं. त्या रात्री तेहरानच्या घरात आजीकडे काय उरलं? धुतलेले छोटे मोजे असतील कुठेतरी दोरीवर. लंडनला विमानतळावर उतरलेली मुलगी फारसी बोलत होती आणि बाप इंग्रजी. दोघांनी एकमेकांना नव्याने शिकायला सुरुवात केली. इंग्रजी मुलांना पटकन येतं, तिलाही आलं. पण मग आईशी फोनवर बोलताना फारसी मागे पडली असेल का, ही शंका माझ्या मनातून जात नाही. कुठल्याही बाजूने मोजा, एक भाषा कमीच.

कोविडमुळे मार्च २०२० मध्ये तिला तात्पुरतं सोडलं, पण घरच्या घरी, पायात इलेक्ट्रॉनिक कडं. आई-वडिलांच्या घरापासून तीनशे मीटर, त्यापुढे नाही. आपण सगळेच त्या दिवसांत घरात कोंडून होतो आणि त्याची तक्रार करत होतो. मीही केली, खूप. तीनशे मीटर म्हणजे आमच्या सोसायटीपासून दूधवाल्यापर्यंत. मी एकदा पावलं मोजली होती, चारशे वीस भरली. पाच वर्षं पुरी झाल्यावर मार्च २०२१ मध्ये कडं काढलं, आता सुटणार असं वाटलं, तर एप्रिलमध्ये नव्या आरोपाखाली आणखी एक वर्ष शिक्षा. अपील ऑक्टोबरमध्ये फेटाळलं. रिचर्ड पुन्हा तंबू घेऊन बसला, या वेळी स्वतःच्याच सरकारच्या परराष्ट्र खात्यासमोर, एकवीस दिवस. फूटपाथवर लोक येऊन भेटायचे, धीर द्यायचे. ते काय विचारत असतील हे मला माहीत आहे.

मार्च २०२२. बाबा तेव्हा पुण्यात आमच्याकडे होते, आई जाऊन चार वर्षं झाली होती. मी त्यांना या बाईबद्दल कधी सविस्तर सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी दमामबद्दल विचारते आहे असं त्यांना वाटलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. त्या आठवड्यात बातमी आली की नाझनीनला तिचा ब्रिटिश पासपोर्ट परत मिळाला. बाकी काही नाही, एवढंच. मी ती जेवताना मोठ्याने वाचली. बाबा भात कालवत होते. मान वर न करता म्हणाले, "मग सुटली."

"अजून जाहीर केलं नाहीये बाबा."

"पासपोर्ट हातात दिला ना? सुटली."

१६ मार्चला ती तेहरानहून निघाली. तिच्याबरोबर २०१७ पासून आत असलेले अनुशेह अशूरीही. ब्रिटनने त्याच दिवशी जाहीर केलं की इराणचं देणं चुकतं केलं, ३९ कोटी ३८ लाख पौंड, आणि ते फक्त मानवतावादी कामासाठीच वापरता येईल. सुटका आणि पैसे यांचा अधिकृत संबंध अर्थातच शेवटपर्यंत जोडला नाही. निघताना विमानतळावर तिच्याकडून एका खोट्या कबुलीजबाबावर सही करून घेतली, ब्रिटिश अधिकारी हजर असताना, हे तिने नंतर सांगितलं. सहा वर्षं एका सहीसाठी, आणि जाताजाता पुन्हा सही.

चार-पाच दिवसांनी तिने पत्रकार परिषद घेतली. सहा वर्षांत पाच परराष्ट्रमंत्री बदललेले मी पाहिले, आता जे झालं ते सहा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं, असं ती शांतपणे म्हणाली. त्यावर समाजमाध्यमांत गहजब. कृतघ्न म्हणे. सरकारने एवढे कोट्यवधी मोजले, बाईने हात जोडायला हवे होते. हे वाचताना मला आमच्या वाडीतलं आठवलं. बाबा परत आल्यावर आईने गावातल्या देवळात नारळ फोडला नाही म्हणून दोन वर्षं बोलणी खाल्ली. ती का गेली नाही हे तिने सांगितलं नाही. मला वाटतं तिला राग आला होता, आणि आलेला राग देवापुढे न्यायची तिची पद्धत नव्हती.

विमान ओमानमार्गे ऑक्सफर्डजवळच्या ब्राइझ नॉर्टन या हवाई तळावर उतरलं तेव्हा तिथे रात्रीचा एक वाजून गेला होता, आपल्याकडे सकाळचे साडेसहा-पावणेसात. थोड्या वेळाने अशूरींच्या मुलीने टाकलेला व्हिडिओ फिरायला लागला. मी चहा करत होते, मोबाइल ओट्याला टेकवलेला. विमानातून दोन माणसं उतरून चालत येतात, अंधार, दिवे. चेहरे दिसत नाहीत. आणि एका मुलीचा आवाज येतो. गॅब्रिएला आता पावणेआठ वर्षांची झाली होती.

बाबांना हल्ली कमी ऐकू येतं. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. "काय म्हणाली ती पोरगी?"

"विचारते आहे, ती मम्मी आहे का?"

मी पुन्हा लावलं. बाबांनी चष्मा वर करून मोबाइल डोळ्यांजवळ नेला. ती माणसं चालत जवळ येतात, मुलगी ओरडते, पळते. चहा उतू गेला, मी गॅस बारीक केला.

"तिने निदान विचारलं तरी," बाबा म्हणाले. "तू सरळ आत पळत गेलीस, आईला सांगायला. दारात कुणी काका आलेत म्हणून."